पवईचं पाणी आणि आमच्या खारातली साय

लावणी होऊन दहा-बारा दिवस झाले की आमच्या खारातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीतल्या शेतात पाण्यावर एक साय धरते. दुधावर धरते तशीच, फक्त निळसर हिरवी, बोट लावलं की सुरकुतते आणि दुपारी ऊन चढलं की तिच्याखाली बारीक बारीक बुडबुडे अडकलेले दिसतात. लहानपणी आम्ही ती काठीने ओढून बांधावर टाकायचो आणि काका ओरडायचे, राहू दे गं ती, भाताला बरी असते. का बरी असते विचारलं तर म्हणायचे आमचे वडील सांगायचे. बस, एवढंच.

या जुलैत पेणला गेले तेव्हा तीच साय प्लास्टिकच्या बाटलीत भरत होते आणि काका बांधावर छत्री घेऊन उभे. म्हणाले, "बाय, आता कशाला भरतेस ती, तेव्हा तर फेकायचीस." मी म्हटलं काका, आता कॉलेजात नेऊन बघायची आहे, तुमच्या वडिलांचं बरोबर होतं का ते. ते काही बोलले नाहीत पण परत निघताना अजून एक बाटली त्यांनी स्वतः भरून दिली, उघाडीजवळच्या, म्हणजे बांधातलं पाणी सोडायच्या दाराजवळच्या शेतातली, कारण तिथे साय जास्त जाड असते म्हणे.

तर ही पोस्ट त्या सायीबद्दल आणि तिच्या भावंडांबद्दल, आणि ज्या लोकांनी असलं हिरवं पाणी बाटलीत भरून नेलं आणि मग वर्षानुवर्षं त्याचा पिच्छा सोडला नाही त्यांच्याबद्दल आहे. मी मायक्रोबायॉलॉजी शिकवते, संशोधक म्हणावं असं माझं काही काम नाही, पण हा विषय माझ्या मनाच्या इतका जवळचा आहे की कुणी विचारलं तर मला थांबता येत नाही.

आधी नाव. शेतीच्या पुस्तकात याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतात, पण हे शेवाळ नाहीच, हे बॅक्टेरिया आहेत, सायनोबॅक्टेरिया. पेशीत केंद्रक नाही, जिवाणूसारखीच सगळी रचना, पण काम झाडाचं, म्हणजे ऊन घ्यायचं, पाणी फोडायचं, हवेतला कार्बन डायऑक्साइड बांधायचा आणि ऑक्सिजन सोडायचा. खरं तर झाडाचं काम हे करतात असं म्हणणं उलटं आहे, झाडं यांचं काम करतात. भाताच्या पानात जे हरितलवक असतं ते फार फार पूर्वी दुसऱ्या एका पेशीच्या पोटात जाऊन राहिलेल्या सायनोबॅक्टेरियाचा वंशज. म्हणजे आमच्या शेतात भाताचं पान हिरवं आणि खालची साय हिरवी, ही एकाच घराण्यातली माणसं आहेत. आणि साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा ऑक्सिजन साठायला लागला तोही यांनीच सोडलेला. सायीखालचे ते बुडबुडे दिसले की मला दरवेळी हे आठवतं.

बाटली लॅबमध्ये आणली त्या दिवशी संध्याकाळीच स्लाइड लावली. चाळीसच्या लेन्सखाली सगळा गुंता दिसतो, किडे, डायाटम, मातीचे कण, आणि त्यातून गेलेल्या मण्यांच्या माळा. हिरव्या मण्यांची माळ, आणि मध्ये मध्ये, दहा-पंधरा मणी सोडून एक, थोडा मोठा, फिकट, जाड भिंतीचा मणी, त्याच्या दोन्ही टोकांना एक एक चमकता ठिपका. हा हेटरोसिस्ट. हा दिसला की समजायचं की ही माळ हवेतला नायट्रोजन बांधते.

हा मणी इतका वेगळा का हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हवेतला नायट्रोजन बांधणारं जे एन्झाइम आहे, नायट्रोजिनेज, त्याला ऑक्सिजन लागला की ते खराब होतं. आणि ही तर दिवसभर ऑक्सिजन सोडणारी पेशी. मग दोन्ही कामं एका घरात कशी करायची? तर माळेतली एक पेशी ठरवून बदलते, साधारण एका दिवसात. ती भिंत जाड करते म्हणजे बाहेरचा ऑक्सिजन आत येणार नाही, पाणी फोडायची आतली यंत्रणा बंद करते म्हणजे आतून ऑक्सिजन तयार होणार नाही, आणि मग नायट्रोजन बांधायला लागते. शेजारच्या हिरव्या पेशी तिला साखर पोचवतात, ती त्यांना बांधलेला नायट्रोजन देते. त्या पेशीचं पुन्हा विभाजन होत नाही, ती एकदा बदलली की बदलली. आणि कुणी बदलायचं हे ठरतं कसं तर बदलणारी पेशी पॅट-एस नावाचं एक छोटंसं पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा बारीक तुकडा, शेजाऱ्यांकडे सोडते, त्याचा अर्थ तुम्ही थांबा, मी करते. हे टेक्सासमध्ये जेम्स गोल्डन यांच्या लॅबमध्ये १९९८ मध्ये सापडलं. जे काम माणसाला खताच्या कारखान्यात चारशे-पाचशे अंश तापमान आणि दीडशे-दोनशे पट दाब देऊन करावं लागतं ते इथे चिखलाच्या पाण्यात, हवेच्या साध्या दाबाला, एका मण्यात चालू असतं.

तर काकांच्या वडिलांचं बरोबर होतं. आणि हे कागदावर आलं त्यालाही आता बराच काळ झाला. भातशेतीत वर्षानुवर्षं खत न घालता नायट्रोजन टिकतो कसा या प्रश्नाचं उत्तर म्हणून पी. के. डे यांनी १९३९ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात याच सायनोबॅक्टेरियाकडे बोट दाखवलं. मग बनारस हिंदू विद्यापीठात आर. एन. सिंग यांनी उत्तर प्रदेशातल्या ऊसर जमिनी, म्हणजे पांढऱ्या फटक क्षारांनी माखलेल्या जिथे गवतही धड उगवत नाही अशा जमिनी, त्यांच्यावर पावसाळ्यात पाणी अडवून हे वाढवून दाखवलं, त्यावर १९५० मध्ये नेचरमध्ये त्यांचं टिपण आलं. दिल्लीला भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी ते शेतकऱ्याच्या अंगणात आणलं. पत्र्याचा उथळ ट्रे किंवा प्लास्टिक अंथरलेला खड्डा, त्यात चार-पाच किलो माती, थोडं सुपर फॉस्फेट, वर वीतभराच्या आत पाणी, त्यावर मूळ विरजण भुरभुरायचं आणि उन्हात ठेवायचं, पंधरवड्यात जाड साय आली की पाणी आटू द्यायचं आणि वाळलेल्या पापड्या गोळा करायच्या. लावणीनंतर आठवड्याभराने हेक्टरी १० किलो फेकायच्या. नीट जमलं तर हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नायट्रोजन मिळतो असं कृषीची पुस्तकं सांगतात.

नीट जमलं तर, हे महत्त्वाचं. आमच्याकडे एका वर्षी कुठूनतरी अशी पाकिटं आली होती, कुणाची ते सांगत नाही, ती आम्ही टाकली आणि काहीच झालं नाही. मी नंतर उरलेलं पाकीट लॅबमध्ये मीडियात, म्हणजे जिवाणू वाढवायच्या क्षारांच्या पाण्यात घालून तीन आठवडे ठेवलं, एक हिरवा ठिपका आला नाही. माती होती ती नुसती. शेतकरी असल्या गोष्टीने एकदा फसला की परत त्या वाटेला जात नाही आणि युरियाची गोणी तर समोर दिसते, हातात लागते, टाकल्यावर चार दिवसात पान काळंभोर होतं. मला कुणा शेतकऱ्याला दोष द्यावासा वाटत नाही. जिवंत वस्तू विकायची असेल तर ती जिवंत आहे हे बघणं विकणाऱ्याचं काम आहे.

पण आता खारातली गोष्ट. आमच्या भागात जमीन समुद्राच्या भरतीच्या पातळीला लागून, बांध घालून मिळवलेली, खारेपाट. उन्हाळ्यात खालचं मीठ वर चढतं, जमिनीवर पांढरा थर येतो, पावसात तो धुतला जातो आणि तेवढ्या तीन-साडेतीन महिन्यांच्या फटीत भात काढायचं. बांध फुटला, खांड गेली, की दोन-तीन वर्षं शेत गेलं. म्हणून इकडे पूर्वी काळा राता, भुरा राता असली मीठ सोसणारी लाल भातं लावायचे. आणि मुंबईत ट्रॉम्ब्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात श्री कुमार आपटे आणि जोसेफ थॉमस हे दोघं ॲनाबिना नावाचा असाच माळेवाला सायनोबॅक्टेरिया मीठ कसं सोसतो यावर बरीच वर्षं काम करत होते. मी एम्एस्सीला असताना त्यांचा १९९७ चा पेपर हातात आला आणि त्यात इंग्रजी मजकुरात चक्क खारलँड हा शब्द दिसला! मी तो शब्द बराच वेळ बघत राहिले, कारण माझ्या घरचा शब्द कुठल्या सायंटिफिक पेपरमध्ये मी त्याआधी पाहिलाच नव्हता.

त्यांनी ॲनाबिना टोरुलोजा नावाची मीठ सोसणारी जात खार जमिनीत वाढवून बघितली. ती वाढली, नायट्रोजन बांधला, आणि तिच्या वाढीमुळे जमिनीचा खारटपणाही उतरला. पण पुढे त्यांनी जे लिहिलंय त्यासाठी मला हा पेपर जास्त आवडतो, की हे कायमचं नाही. पेशी मेल्या की धरून ठेवलेलं सोडियम परत मातीत जातं. म्हणजे पीक उभं आहे तेवढ्या काळापुरता दिलासा, मीठ काढून टाकायचं यंत्र नाही. किती सोपं होतं तेवढं वाक्य गाळणं. ते त्यांनी गाळलं नाही म्हणून मी मुलांना हा पेपर वाचायला लावते.

आता पवई. मुंबईच्या बाहेरच्यांसाठी सांगते, पवई तलाव म्हणजे आयआयटी बॉम्बेच्या शेजारचा, इंग्रजांच्या काळात बांधलेला, आता जलपर्णी आणि आजूबाजूच्या इमारतींचं सांडपाणी यामुळे बातम्यांत असतो तो, आणि ज्यात मगरी आहेत तोच. त्या तलावातल्या पाण्यातून आयआयटीतल्या प्रमोद वांगीकर यांच्या गटाने एक सायनोबॅक्टेरिया वेगळा केला. सिनेकोकॉकस इलाँगेटस, नंबर पीसीसी ११८०१. पीसीसी म्हणजे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा कल्चर संग्रह, तिथे नोंद झाली की जगात त्याला त्या नंबराने ओळखतात. २०१८ मध्ये त्यांनी छापलं की हा जिवाणू साध्या हवेवर, म्हणजे वरून वेगळा कार्बन डायऑक्साइड न सोडता, २.३ तासांत दुप्पट होतो, आणि साध्या हवेवर इतका वेग तोपर्यंत कुठल्याच सायनोबॅक्टेरियाचा नोंदलेला नव्हता. वर ऊन, उष्णता, मीठ सोसतो, आणि बाहेरचा डीएनए सहज आत घेतो, म्हणजे जनुकं बदलायला सोपा.

वेगाला इतकं महत्त्व का? कारण लॅबमधला नेहमीचा आतड्यातला जिवाणू ई. कोलाय, त्याला वीस मिनिटं लागतात दुप्पट व्हायला, यीस्टला दीड तास, पण त्यांना साखर खाऊ घालावी लागते. सायनोबॅक्टेरियाला ऊन आणि हवा पुरते पण लॅबमधले जुने ओळखीचे जे होते ते कितीतरी तास घ्यायचे. एक जनुक घालून बघायचं आणि बरोबर झालं की नाही कळायला महिना, अशाने संशोधकाचं आयुष्य निघून जातं.

वेगाचीच अजून एक गोष्ट आहे, अमेरिकेतली. क्रॅट्झ आणि मायर्स या दोघांनी १९५५ मध्ये टेक्सासमध्ये एक सायनोबॅक्टेरिया असाच दोन-सव्वादोन तासांत दुप्पट होतो असं लिहून ठेवलं होतं. तो टेक्सासच्याच संग्रहात ठेवलेला. पुढे सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हिमाद्री पाकरासी यांच्या गटाने तो मागवला तर तो तसा वाढेचना. वर्षानुवर्षं संग्रहात राहून त्यात सरमिसळ झालेली. दुसरा कुणी म्हणाला असता की जुन्या लोकांनी मोजण्यात चूक केली असेल. यांनी त्या मिसळीतून एक एक वसाहत उचलून परत वेगाने वाढणारा शोधून काढला, २०१५ मध्ये तो यूटेक्स २९७३ म्हणून जाहीर केला, १.९ तास, जास्तीचा कार्बन डायऑक्साइड देऊन. आणि त्याचा जीनोम लॅबमधल्या नेहमीच्या पीसीसी ७९४२ शी ताडून बघितला तर लाखो अक्षरांत सुट्ट्या अक्षरांचे फरक फक्त ५५! २०१८ मध्ये त्याच गटाने दाखवलं की वेग मुळात तीन जनुकांतल्या बदलांमुळे येतो, आणि त्यातलं एक तर त्या जिवाणूच्या दिवस-रात्र ओळखणाऱ्या घड्याळाशी जोडलेलं जनुक आहे. पवईवाल्याचा जीनोम मात्र या दोघांशी साधारण ८३ टक्केच जुळतो. म्हणजे तो यांच्यापैकी कुणाची सुधारलेली आवृत्ती नाही, तो आपल्या तलावातला आपला वेगळा गडी आहे.

मग याचं करायचं काय? तर कल्पना अशी की साखर वाटेत न आणता थेट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून हवं ते रसायन बनवून घ्यायचं. पवईच्या जातीत जनुकं घालून वांगीकरांच्या गटाने सक्सिनेट आणि इथिलीन एकाच वेळी बनवून दाखवलंय, सक्सिनेट प्लास्टिकपासून औषधापर्यंत कच्चा माल म्हणून लागतं आणि इथिलीन तर प्लास्टिक उद्योगाचा कणाच. हार्वर्डमध्ये डॅनियल डुकाट आणि पामेला सिल्व्हर यांनी २०१२ मध्ये जे केलं ते मला सगळ्यात आवडतं. गोड्या पाण्यातल्या सिनेकोकॉकसला मीठ लागलं की तो बचावासाठी पेशीत साखर साठवतो, सुक्रोज, आपली उसाचीच साखर. मीठ वाढलं की पाणी पेशीतून बाहेर ओढलं जातं, ते अडवायला आत साखर. तर यांनी ई. कोलायकडून साखरेची ने-आण करणारा एक दरवाजा आणून त्याच्या भिंतीत बसवला. आता मीठ घातलं की तो साखर बनवतो आणि बाहेर सोडतो, मरत नाही, फुटत नाही, दिवसामागून दिवस सोडत राहतो. मिठाच्या त्रासातून साखर, हे वाचलं तेव्हा मला परत आमचा खारच आठवला.

मात्र लॅबमधल्या फ्लास्कचा आकडा घेऊन तो हेक्टरवर पसरायचा आणि उसाशी तुलना करायची, हे मला पटत नाही. फ्लास्क छोटा आणि दोन्ही बाजूंनी दिवे. तळ्यात वरचे दोन-तीन सेंटिमीटर हिरवे झाले की खालच्यांना अंधार. वरच्यांना ऊन जास्त होऊन भाजतं, खालचे उपाशी. ढवळायचं म्हटलं तर वीज, हवा सोडायची तर वीज, आणि शेवटी लिटरभर पाण्यातून ग्रॅमभर माल वेगळा काढायचा तर त्याला सगळ्यात जास्त. वर उघड्या तळ्यात दुसरे जीव येऊन खाऊन टाकतात. अमेरिकेत सायनोबॅक्टेरियापासून इंधन बनवायला निघालेली जूल नावाची कंपनी २००७ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद झाली, आणि कितीतरी जणांनी इंधन सोडून दुसरीकडे वळून घेतलं. जमिनीतून निघणाऱ्या तेलाच्या भावाशी भांडणं या जिवाणूला अजून झेपत नाही, हे सरळ सांगायला हवं. जिथे पैसा मिळतो ते साधं आहे, स्पिरुलिना खायला, आणि तिच्यातला निळा रंग, फायकोसायनिन. खाद्यपदार्थांत नैसर्गिक निळा रंग मिळणं फार अवघड, अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये स्पिरुलिनाचा अर्क गोळ्या-चॉकलेटच्या रंगासाठी मान्य केला. तो रंग प्रोटीनचा असल्यामुळे उकळलात तर जातो, घरी करून बघा, स्पिरुलिनाची पावडर रात्रभर गार पाण्यात भिजवून सकाळी गाळली की गाळलेलं पाणी निळं निघतं आणि प्रखर उजेडात लालसर झाक मारतं, आणि तेच पाणी गॅसवर ठेवलं की डोळ्यांदेखत रंग उडतो. आणि ही स्पिरुलिना आपल्या लोणारच्या सरोवरातही आपोआप वाढते, तिथलं पाणी इतकं क्षारी, पीएच दहाच्या आसपास, की दुसरं फारसं कुणी टिकत नाही. २०२० च्या जूनमध्ये लोणार गुलाबी झालं ते मात्र हिचं काम नव्हतं, ते मीठ आवडणारे हॅलोआर्किया, पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं.

खिडकीत ठेवायचे प्रयोग मला फार आवडतात म्हणून हाही सांगते. केंब्रिजमध्ये क्रिस्टोफर हाऊ आणि पाओलो बोंबेली यांच्या गटाने पेन्सिल सेलएवढ्या डबीत सिनेकोसिस्टिस नावाचा सायनोबॅक्टेरिया आणि ॲल्युमिनियमचं इलेक्ट्रोड ठेवून त्यावर एक छोटा मायक्रोप्रोसेसर सहा महिन्यांहून जास्त काळ चालवला. लॉकडाऊनच्या काळात ती डबी घरच्या खिडकीत होती. अंधारातही करंट येत राहिला, कारण दिवसा बनवलेलं अन्न रात्री पचवताना थोडे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. करंट अगदीच थोडा, मोबाइल त्यावर चालणार नाही, पण एखाद्या दूरच्या सेन्सरला पुरेल.

याच सिनेकोसिस्टिसचा एक फ्लास्क आमच्याकडे आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो तसाच राहिला, परत आलो तर पिवळा पडलेला, अगदी जुन्या कागदासारखा. एक मुलगी म्हणाली मॅडम मेलं हे, ऑटोक्लेव्हला टाकू का? मी म्हटलं थांब. या जातीला हवेतला नायट्रोजन बांधता येत नाही, मीडियातला नायट्रेट संपला की ती आपले ऊन पकडणारे निळे अँटेना मोडून खाते, आणि त्यातल्या नायट्रोजनवर तग धरून स्वस्थ बसते, महिनोन्‌महिने बसू शकते. आम्ही त्यातला थोडा ताज्या बीजी-११ मध्ये, म्हणजे सायनोबॅक्टेरियाच्या नेहमीच्या मीडियात घातला. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मुलगी फ्लास्क पांढऱ्या कागदापुढे धरून बघत होती आणि म्हणाली मॅडम मला भास होतोय का खरंच हिरवं आहे. खरंच होतं. जर्मनीत ट्युबिंगनला कार्ल फोर्कहामर यांच्या गटाने हेच नीट मोजून ठेवलंय, आधी ते साठवलेलं ग्लायकोजेन जाळून जागे होतात आणि साधारण दोन दिवसांत परत प्रकाशसंश्लेषण सुरू. आमच्या लॅबमध्ये आता पिवळा फ्लास्क कुणी न विचारता टाकत नाही.

आतापर्यंत फक्त हिरव्यांचं बोलले पण जांभळेही आहेत आणि ते वर्गात दाखवायला सगळ्यात सोपे. एका उंच काचेच्या बरणीत खाडीचा चिखल घ्यायचा, आमच्या उघाडीजवळचा काळा वास मारणारा उत्तम, त्यात वर्तमानपत्राचे तुकडे, एका अंड्याचा पिवळा बलक, थोडी खडूची पूड कालवायची, वर खाडीचं पाणी, तोंड बंद करून खिडकीत. विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाची ही पद्धत, एकोणिसाव्या शतकातली. दीड-दोन महिन्यांनी वर हिरवं, मध्ये जांभळट-लाल पट्टा, तळाला काळं. जांभळे आहेत ते प्रकाशसंश्लेषण करतात पण पाणी न फोडता, सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड फोडून. त्यामुळे त्यांच्यातून ऑक्सिजन येत नाही, गंधक येतं. हे बघूनच व्हॅन नील यांनी १९३० च्या आसपास म्हटलं की यांच्यात गंधक येतं ते सल्फाइडमधून, तर झाडांत ऑक्सिजन येतो तो पाण्यातून असणार, कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे. आज शाळेच्या पुस्तकात एका ओळीत असलेली गोष्ट अशी चिखलातून आली. पुढे एका जांभळ्या जिवाणूचं ऊन पकडणारं केंद्र अणू अणू मांडून दाखवलं म्हणून डायझेनहोफर, ह्यूबर आणि मिशेल यांना १९८८ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

हे जांभळे सांडपाण्यावर वाढतात आणि त्यातून प्रोटीन मिळतं, काही हायड्रोजन सोडतात, हे गेस्ट आणि केमन यांनी १९४९ मध्येच पाहिलं होतं. कोळंबीच्या तळ्यात पाणी सुधारायलाही घालतात. इथे एक घोळ मात्र लक्षात ठेवा, कोळंबीवाले पीएसबी म्हणतात ते हे, फोटोसिंथेटिक बॅक्टेरिया, आणि कृषी सेवा केंद्रात पीएसबी मागितलं तर स्फुरद विरघळवणारे जिवाणू मिळतात, ते पूर्ण वेगळे. माझ्या ओळखीतल्या एकाने तळ्यासाठी म्हणून दुसरंच आणलं होतं.

परत आमच्या सायीकडे येते. काकांनी भरून दिलेली बाटली घेऊन मी ऑगस्टपासून बसलेय. नायट्रेट न घातलेला बीजी-११, म्हणजे जो नायट्रोजन बांधेल तोच वाढेल, आणि त्यात थोडं मीठ. तीन आठवड्यांनी माळा सुंदर वाढल्या, हेटरोसिस्टसकट. पण शुद्ध कल्चर करणं फार चिकाटीचं काम आहे. यांच्या अंगाभोवती एक बुळबुळीत आवरण असतं आणि त्यात दुसरे साधे जिवाणू बिऱ्हाड करून राहतात, धुतले तरी जात नाहीत, अँटिबायोटिक घातलं तर आधी आपलीच माळ मरते. मग जुनी युक्ती, अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या घट्ट मीडियाच्या प्लेटला काळा कागद गुंडाळायचा आणि एका बाजूला फट ठेवायची. माळेचे लहान तुकडे सुटतात ते प्रकाशाकडे सरपटत जातात, चिकटलेले जिवाणू वाटेत मागे पडतात. मग फटीजवळ सगळ्यात पुढे पोचलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून अगारसकट कापून घ्यायचा आणि नव्या प्लेटवर. असं परत परत.

आता तिसरी फेरी चालू आहे. दुसऱ्या फेरीत पुढचा तुकडा स्वच्छ वाटला होता पण साखरेच्या प्लेटवर लावला तर दोन दिवसांत एक पांढरी वसाहत आलीच, म्हणजे एक पाहुणा अजून सोबत आहे. काकांचा परवा फोन आला होता, कापणी झाली, विचारत होते त्या सायीचं काय झालं. मी सांगितलं अजून एक चिकटून बसलाय, सुटत नाहीये. म्हणाले मग घाई नको करू, पुढच्या वर्षी परत येईल ती, अजून लागली तर भरून ठेवतो. प्लेट सोमवारी उघडायची आहे.